खालच्या मजल्यावरचं स्टेशन

भाऊजींना नवं स्टेशन सापडलं, आणि त्यांनी पहिली चूक केली ती ही की ते चारचौघांना सांगितलं.

माणूस तसा सावध. सारं आयुष्य लिफ्टच्या देखभालीत गेलेलं. वीज, तारा आणि उंची या तिन्हींशी दोन हात करून दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झालेले. पण रेडिओपुढे बसले की हा सावधपणा ते खुंटीला टांगून ठेवत. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत, खिडकीशी, बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ होता. गच्चीवर दोन काठ्यांमध्ये ताणलेली एरिअलची तार होती. दूरदूरची, चिरक्या आवाजाची स्टेशनं हुडकायची, ‘तुम्ही इथपर्यंत ऐकू येता’ असं त्यांना कळवायचं, मग तिकडून एक रंगीत कार्ड येतं ते भिंतीला लावायचं, असा हा छंद. यातून काय मिळतं असं विचारू नये. मासा गळाला लावून परत पाण्यात सोडणारेही लोक असतातच की.

तर एका संध्याकाळी, एरवी जिथे नुसती फसफस असते अशा जागी, त्यांना आवाज लागला. खर्र, खर्र, खर्र. मग शांतता. पुन्हा खर्र, खर्र, खर्र. मग एक लांबलचक खर्रर्र. भाऊजींच्या अंगावर काटा आला. हे आकाशातलं आपोआप होणारं काही नव्हतं. या खरखरीमागे माणसाचा हात होता.

आणखी काही संध्याकाळी कान देऊन ऐकल्यावर त्यांनी मंडळातल्या मित्रांना फोन लावले. दूरची स्टेशनं ऐकणाऱ्यांचं एक छोटंसं मंडळ होतं, आणि त्यात बारीककान नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ सगळ्यांत जाणकार समजला जाई. भाऊजींनी त्याला सांगितलं, “सांकेतिक भाषा आहे. बहुधा जहाजावरची. आवाजात एक प्रकारची घाई जाणवते.”

बारीककान आपला हातातला छोटा रेडिओ घेऊनच हजर झाला. आवाज कोणत्या दिशेने येतो ते शोधायला तो रेडिओ छातीशी धरून खोलीत गोल फिरला. दाराकडे आवाज वाढला. जिन्यात आणखी वाढला. एकेक पायरी उतरावी तसतसं जहाज जवळ येऊ लागलं. पुढे बारीककान आणि मागे भाऊजी अशी ती मिरवणूक तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत शिरली, तेव्हा रेडिओ नुसता ओरडत होता आणि समोर भाऊजींच्या थोरल्या वहिनी शिलाई मशीनवर एका कोटाची काजं करत बसल्या होत्या.

दोघांना बघून वहिनींनी पेडलवरचा पाय उचलला. रेडिओ गप्प झाला.

“काय हवंय?” वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा पाय टेकवला. खर्र, खर्र, खर्र.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वहिनींच्या जुन्या हाताच्या मशीनला नुकतीच एक जुनी मोटर बसवली होती, तिचं हे बोलणं. बारीककान चांगला माणूस होता. त्याने गल्लीच्या टोकापर्यंत हसू दाबून धरलं. पण त्यानंतर मंडळात भाऊजी दिसले की कोणी ना कोणी जहाजाची विचारपूस केल्याशिवाय राहत नसे.

वहिनींनी मात्र त्याच संध्याकाळी विषय काढला. “पण माझ्या मोटरची वायर तुमच्या रेडिओला कुठे जोडलीये? मग वर कशी काय पोचते ती?”

आता भाऊजींना कोणी असं विचारावं म्हणजे तहानलेल्याला पाणी विचारण्यासारखं होतं. ते स्टूल ओढून बसलेच.

“वहिनी, तुम्ही लिफ्टने वर जाता तेव्हा लिफ्ट चालल्याचं पोटात कधी कळतं?”

“निघताना. आणि थांबताना.”

“आणि मधे?”

“मधे मी आरशात बघते.”

“बरोबर. म्हणजे एका वेगाने सरळ चाललेली गोष्ट कळतच नाही. विजेच्या कणाचं तसंच आहे. एका चालीने सरळ चालला तर त्याच्याकडून बाहेर काही खबर जात नाही. निघाला, थांबला, वळला, थरथरला, की जाते.”

“कशी जाते ते सांगा. जाते एवढं मलाही कळलं.”

भाऊजींनी दोऱ्याचं रीळ उचललं, दोऱ्याचं टोक खिडकीच्या कडीला बांधलं आणि रीळ हातात धरून मागे सरकले. दोरा ताणला गेला. “हा कण समजा. याच्यापासून चारी दिशांना असे न दिसणारे दोरे निघालेत, पार लांबवर. कण आरामात चालला तर दोरेही त्याच्याबरोबर गुमान सरकतात. आता त्याला हिसका दिला.” त्यांनी मनगटाला झटका दिला. दोऱ्यात एक बाक उठला आणि कडीपर्यंत पळत गेला. “बघितलंत? कण हलला, जवळचा दोरा हलला. लांबच्या दोऱ्याला अजून पत्ताच नाही, तो जुन्या जागेकडेच बघतोय. जुन्या आणि नव्याच्या मधे हा बाक पडतो, आणि बाक बाहेर पळत सुटतो, उजेडाच्या वेगाने. वाटेत माझी एरिअलची तार लागली की तिच्यातल्या कणांना हिसका देतो. इथे हिसका, तिथे हिसका. रेडिओ म्हणतात तो एवढाच.”

वहिनींनी दोऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे घरासारखंच. सगळं सुरळीत चाललंय तोवर गल्लीत कोणाला खबर नसते. भांडं आपटलं की चार घरं पलीकडे कळतं.”

“अगदी तेच. उजेडही याच जातीचा, एक्स-रेही याच जातीचे. सगळी आपटलेली भांडी.”

“पण लांब टीप मारताना मी तर एका वेगाने चालवते.”

“मोटर एका वेगाने फिरते हो. पण तिच्या पोटात कार्बनचे दोन ब्रश आहेत. ते फिरत्या तांब्याच्या पट्ट्या एकेक करून धरतात आणि सोडतात. सोडलं की ठिणगी. ठिणगी म्हणजे असंख्य कण एकदम सुटले आणि एकदम थांबले. तुम्हाला दिसते एक सरळ टीप. आत धक्क्यांवर धक्के.”

“बाईमाणसाचंही असंच असतं,” वहिनी म्हणाल्या आणि दोरा गुंडाळायला लागल्या. “रीळ ठेवा जागेवर. आणि जेवायला हाक मारली की या.”

हे शेवटचं वाक्य त्या रोज म्हणत, आणि रोज ते वाया जाई. घर तिघांचं होतं. खाली वहिनी आणि भाऊजींचे थोरले भाऊ, म्हणजे दादा. निवृत्तीनंतर दादांनी मत देण्याचं काम पूर्णवेळ पत्करलेलं होतं. वर एकटे भाऊजी. जेवण एकत्र, खाली. जेवण तयार झालं की वहिनी कापड मोजायची लाकडी पट्टी उभी धरून छतावर ठोकत. वर भाऊजींच्या पायाखाली ठकठक होई, पण भाऊजींचे दोन्ही कान हेडफोनमध्ये. अर्ध्या तासाने ते आपल्या सवडीने उतरत आणि गार झालेलं जेवण निमूट जेवत. दादांचं मत होतं की माणूस मुद्दाम करतो.

मुद्दाम नव्हतं. आधी असं होत नसे, कारण आधी भाऊजींचा एक कान मोकळा असे. हेडफोनचा एक कान ते लावत आणि दुसरा त्यांची बायको. दोघं डोक्याला डोकं लावून खिडकीशी बसत, आणि मोकळ्या कानाने पट्टीची ठकठक ऐकू येई. ती जाऊन दोन वर्षं झाली. आता दोन्ही कान त्यांनाच लावावे लागत.

बायकोला शॉर्टवेव्ह, मीटरबँड, एरिअल यातलं काडीचं कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिला एकच स्टेशन आवडायचं. कुठल्याशा समुद्रातल्या लहानशा बेटावरून ते यायचं. संध्याकाळी आधी एक घंटा वाजायची, मग एक बाई अर्धा तास बोलायची. भाषा कोणती ते भाऊजींना माहीत होतं, पण तिच्यातला एक शब्दही कळत नव्हता. बायकोला मात्र सगळं कळायचं.

“आज बाईंचा आवाज बसलाय,” ती हेडफोनला कान लावून सांगायची. “आत्याने रात्री खिडकी उघडी ठेवली म्हणते.”

“ती बातम्या देतेय.”

“त्या वरवरच्या. आत्या फार खाष्ट आहे हो. आणि तो काचेपलीकडचा माणूस, बटणं फिरवणारा, त्याने आज तिच्यासाठी गरम पाणी आणून ठेवलं. बोलला मात्र काही नाही. मुखदुर्बळ मेला.”

अशी ती कथा वर्षानुवर्षं चालली होती. आत्या, बाई आणि काचेपलीकडचा मुखदुर्बळ. भाऊजी शास्त्राच्या बाजूने हरकत घेत, तेव्हा ती म्हणे, “तुम्हाला आवाज लागतो, मला अर्थ लागतो. दोघं मिळून एक रेडिओ होतो.” ती गेल्यावरही भाऊजी रोज संध्याकाळी त्या घंटेला हजर असत. बाई बोलायची. आवाज स्वच्छ यायचा आणि अर्थ लागायचा नाही. तरी ते ऐकत. ऐकायचं सोडलं असतं तर त्या तिघांचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नसतं, असं काहीतरी वेडं त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग बारीककानाचा फोन आला. जहाजाची विचारपूस झाली, आणि नंतर तो म्हणाला, “तुमचं ते बेटावरचं स्टेशन बंद होतंय म्हणे. आता कोण ऐकतं शॉर्टवेव्ह. येत्या रविवारी संध्याकाळी शेवटचं प्रसारण.”

भाऊजी “अस्सं” म्हणाले आणि फोन ठेवला.

अडचण अशी की त्याच आठवड्यात वहिनींच्या खोलीत एक पडदा येऊन पडला होता. पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. एका शाळेच्या सभागृहाच्या रंगमंचाचा, लालभडक, जाडजूड मखमलीचा, आणि एवढा मोठा की दादांना आपली आरामखुर्ची शोधायला पडद्याखाली हात घालून चाचपावं लागत होतं. सोमवारी सकाळी सभागृहाचं उद्घाटन. वहिनींच्या हातून आजवर गेलेलं हे सगळ्यांत मोठं काम. सकाळपासून दिवेलागणीनंतरपर्यंत मोटर चालू, आणि वर भाऊजींच्या कानात खरखरीचा धबधबा. बेटावरची बाई त्या धबधब्याआडून कुठेतरी ओठ हलवल्यासारखी वाटायची.

भाऊजी उपायांना लागले. मोटर उघडून ब्रश साफ केले. ठिणगी शोषून घ्यायला एक कपॅसिटर बसवला. खरखर थोडी कमी झाली, पण ते बेट फार लांबचं आणि बाईचा आवाज फार नाजूक. मग त्यांनी मोटरीला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला. तेव्हा मोटर तापून असा वास सुटला की दादांनी पेपर खाली ठेवला, ही या घरात मोठी गोष्ट होती.

“भाऊजी,” वहिनी कागद सोलून काढत म्हणाल्या, “तुम्हाला नक्की काय हवंय?”

सांगायला हरकत नव्हती. ‘रविवारी संध्याकाळी अर्धा तास मोटर बंद ठेवा’ एवढं एक वाक्य. पण वहिनींनी ‘का’ विचारलं असतं. का ते सांगायचं तर बायकोचा विषय काढावा लागला असता, आणि दोन वर्षांत त्यांनी तिचा विषय काढला नव्हता. लिफ्टमधे अडकलेल्या माणसांना तासन्‌तास धीर देणारा हा माणूस स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची वेळ आली की गिळून बसायचा.

“काही नाही,” ते म्हणाले. “असंच. प्रयोग.”

रविवार उजाडला. पडद्याची एक लांब बाजू अजून दुमडून शिवायची राहिली होती. दुपार गेली, ऊन भिंतीवरून वर चढलं, आणि खाली मोटर चालूच. घंटेची वेळ जवळ आली तसे भाऊजी उठले, अनवाणी पावलांनी जिना उतरले आणि जिन्याखालच्या फ्यूजच्या पेटीपुढे उभे राहिले.

आयुष्यभर त्यांनी हजारदा फ्यूज काढला होता. पण दरवेळी दाराला पाटी लावून, ओरडून सांगून. सांगितल्याशिवाय वीज तोडायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. आज त्यांनी पाटी लावली नाही. फ्यूज ओढला, खिशात टाकला आणि चोरासारखे वर आले.

खाली मोटर थांबली. घर गप्प झालं. भाऊजींनी हेडफोन चढवले, आणि घंटा वाजली.

इतकी स्वच्छ की जणू खिडकीबाहेर वाजली. मग बाईंचा आवाज. आता थोडा म्हातारा झालेला, पण तोच. भाऊजींनी डोळे मिटले. पण चोराच्या मनात चांदणं. खाली काय चाललंय या धास्तीने त्यांनी हेडफोनचा एक कान बाजूला सरकवला होता, आणि त्या मोकळ्या कानात वहिनींचा आवाज आला.

“अहो, आधी वर मेणबत्ती देऊन या. भाऊजी अंधारात जिना उतरायला जातील आणि पडतील.”

“आणि पडदा?” दादांचा आवाज.

“जुना दांडा आहे ना मशीनला. हाताने करू. तुम्ही या आणि फिरवा.”

दादा धापा टाकत वर आले, मेणबत्ती टेबलावर ठेवली, वीज कंपनीबद्दल आपलं मत दिलं आणि गेले. भाऊजींनी मान वर केली नाही. खाली दांडा फिरायला लागला, घर्र, घर्र, संथपणे. त्याची खरखर रेडिओत येत नव्हती. म्हणजे सगळं जमलंच होतं की. मोटर बंद होती, पडदा होत होता, बाई बोलत होत्या. कोणाला काही कळणारही नव्हतं. भाऊजींनी मनाला असं समजावत आणलं होतं, तेवढ्यात खालून वहिनींचा आवाज आला. “आई गं.”

मोठा नव्हता. सुई बोटात गेली की शिवणारं माणूस म्हणतं तेवढाच. अंधूक उजेडात, जाड मखमलीवर, या वयात. भाऊजींना मेणबत्तीकडे बघवेना. बाई बोलतच होत्या. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खाली गेले.

फ्यूज बसवला. दिवे लागले. खोलीत लाल पडद्याच्या डोंगरात दादा दांडा धरून घामाघूम बसले होते, आणि वहिनी बोट तोंडात धरून जिन्याखालून येणाऱ्या भाऊजींकडे बघत होत्या. काही विचारायची गरज नव्हती. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. तरी भाऊजींनी सांगितलं.

“मी काढला होता. स्टेशन बंद होतंय. आज शेवटचं होतं.”

“अरे, तू?” दादा म्हणाले. “लिफ्टमधे घालून वीज बंद केल्यासारखंच झालं की हे.”

वहिनींनी बोट तोंडातून काढलं. “कोणतं स्टेशन? घंटेचं?”

भाऊजी चमकले. “तुम्हाला काय ठाऊक?”

“मला नाही तर कोणाला? रोज सकाळी चहाला खाली येऊन बसायची आणि आदल्या दिवशीचं सगळं सांगायची. ती आत्या, तो काचेपलीकडला. माझी कित्येक काजं त्या आत्यापायी वाकडी झाली.” वहिनींचा आवाज जरासा फाटला. “तुम्हाला काय वाटलं, तुमच्या एकट्यासाठीच सांगायची? धाकटी जाऊ होती माझी. ती गेल्यापासून पुढे काय झालं ते विचारायला मी वर येणार होते. तुमचे कान झाकलेले.”

भाऊजींनी मान वर करून छताकडे पाहिलं.

“किती राहिलंय अजून?”

“निम्मं असेल.”

“मग इथे काय उभे आहात? वर जा.” वहिनींनी मोटरीची पिन उपटून बाजूला फेकली. “उजेड आहे, दांडा आहे. मोटर लागणार नाही. अहो, फिरवा.”

“अजून?” दादा म्हणाले.

“अजून.”

भाऊजी जिना चढले ते दोन दोन पायऱ्या गाळत. हेडफोन लावले. बाई बोलत होत्या, सावकाश, मधेच थांबत. कागद उलटल्याचा आवाज आला. मग आणखी एक आवाज आला, पुरुषाचा, माइकपासून दूर. दोनतीनच शब्द, चाचरत बोललेले. बाई हसल्या. हसता हसता त्यांचा आवाज भिजला, मग त्यांनी एक लांब वाक्य म्हटलं, घंटा वाजली, आणि तिकडे कोणीतरी कळ खाली ओढली. त्या बेटावरच्या उंच तारेत इतकी वर्षं इकडून तिकडे थरथरणारे कण थांबले. शेवटचा बाक निघाला, समुद्र ओलांडून आला, गच्चीवरच्या तारेला लागला आणि पुढे निघून गेला.

मग नुसती फसफस.

काटा हलवावा, दुसरं एखादं स्टेशन लावावं, असं भाऊजींना वाटेना. बायको गेली त्या दिवशीही घर असंच वाटलं होतं, सगळं जागच्या जागी आणि आवाज नाही. बाहेर काळोख झाला. मेणबत्ती उगाचच जळत होती. दोन्ही कानांत फसफस भरून ते कितीतरी वेळ तसेच बसले. खाली बहुधा पट्टीची ठकठक झालीही असेल. त्यांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं.

आणि मग, बरोबर त्याच जागी, जिथे आतापर्यंत बाई बोलत होत्या, रेडिओ बोलला.

खर्र, खर्र, खर्र.

भाऊजींनी मान वर केली. शांतता. पुन्हा खर्र, खर्र, खर्र. मग एक लांबलचक, रागावलेला खर्रर्र.

हे आपोआप होणारं नव्हतं. यामागे माणसाचा पाय होता. भाऊजींना आधी हसू आलं, मग डोळे पुसावे लागले, मग पुन्हा हसू आलं. त्यांनी हेडफोन काढले, मेणबत्ती फुंकली आणि खाली गेले.

पडदा पुरा झाला होता आणि घडी घालून दाराशी ठेवला होता. दादा उजवा हात डाव्या हाताने चेपत पानावर बसले होते. वहिनी मशीनपाशीच होत्या, एक पाय अजून पेडलवर. मशीनमध्ये कापड नव्हतं.

“आलं ऐकू?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच सांगितलं होतंत, हिसका दिला की कळतं म्हणून. छत ठोकून ठोकून पट्टी मोडायची वेळ आली होती.”

“आलं. स्पष्ट आलं.”

भाऊजी पानावर बसले. वहिनींनी वाढलं. जेवणातून वाफ येत होती, त्याचंच त्यांना क्षणभर नवल वाटलं. वहिनी समोर बसल्या, पण त्यांनी घास घेतला नाही.

“काय म्हणाली ती?” त्यांनी विचारलं.

ती बातम्या देत होती, असं भाऊजी म्हणू शकले असते. आजवर तसंच म्हणत आले होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

“तो बोलला शेवटी,” ते म्हणाले. “काचेपलीकडचा. आज आत येऊन बोलला, सगळ्यांच्या देखत. लग्न ठरलं त्यांचं. म्हणून तर स्टेशन बंद केलं.”

“आणि आत्या?”

“आत्या रडली म्हणते. खिडकी लावून घेतली.”

वहिनींनी पदराने नाक पुसलं. “बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “धाकटीला फार काळजी होती त्यांची.”

मग त्यांनी भाऊजींना आणखी वाढलं, आणि तिघं जेवू लागले.